फुकटचा मुक्काम, पण जमीन कुणाची?

दिवाळीच्या फराळाला घरी मंडळी जमली होती. बोलता बोलता जोशुआ ट्रीचा विषय निघाला. पार्कातले कॅम्पग्राउंड महिने आधी भरतात, मग तुम्ही मागच्या वर्षी ऐनवेळी कसे गेलात, असं कुणीतरी विचारलं. मी सांगितलं, की आम्ही पार्कात राहिलोच नाही. दक्षिणेच्या गेटाच्या अलीकडे, फ्रीवे दहावरून कॉटनवूड स्प्रिंग रोडला वळलं की दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे, तिथे तंबू ठोकला. बुकिंग नाही, पावती नाही, पैसे नाहीत. त्यावर एक काका पटकन म्हणाले, "अगं, अमेरिकेत काही फुकट असतं का? कुणाची तरी जागा असेल, पोलीस उठवतील एखाद्या रात्री!"

काकांचं पहिलं वाक्य चुकीचं आहे, दुसरं अर्धं बरोबर आहे. जागा कुणाची तरी आहेच. कुणाची, हे सांगायला फराळाच्या ताटावर वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी कायद्याचं. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएमकडे आहे. केंद्र सरकारचं खातं. त्यांच्या ताब्यात साधारण 24.5 कोटी एकर आहेत, आपल्या महाराष्ट्रासारखी तीन राज्यं मावून वर उरतील एवढे, आणि बहुतेक सगळे पश्चिमेत. जिथे मनाई लिहिलेली नाही तिथे कुणीही मुक्काम करू शकतो. सर्वसाधारण नियम असा, की 28 दिवसांत 14 दिवस, मग गाशा गुंडाळून लांब जायचं. पाणी नाही, संडास नाही, कचराकुंडी नाही. सगळं आणायचं आणि सगळं परत न्यायचं. शेगडी पेटवायची तरी कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परवाना लागतो. तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो. इतकंच.

आता ही जमीन सरकारकडे आली कशी? शाळेतलं उत्तर म्हणजे 1848 च्या तहात मेक्सिकोकडून. पण मेक्सिकोच्या कागदावर असली तरी ती रिकामी नव्हती. सेरानो, चेमेवेवी, कावीया ही माणसं इथले झरे, खजुरीची बनं, डोंगरातल्या वाटा वापरत होती. 1851-52 मध्ये सरकारी कमिशनर कॅलिफोर्नियाभर फिरले आणि त्यांनी तिथल्या जमातींशी 18 करार केले. त्यातला एक जानेवारी 1852 मध्ये टेमेक्युलाला झाला. हो, तेच टेमेक्युला, जिथे आपण फुगे बघायला जातो. जमातींनी मोठा मुलूख सोडायचा, बदल्यात काही जमीन कायमची त्यांच्याकडे राखून ठेवायची, असा व्यवहार होता. सेनेटने 1852 मध्ये 18 च्या 18 करार नामंजूर केले आणि वर गुप्ततेचा शिक्का मारला. तो उठला 1905 मध्ये. मधली 50 वर्षं एका पक्षाने करार पाळला आणि दुसऱ्याने तो कपाटात ठेवला. म्हणजे आपण जिथे "फुकट" झोपतो ती जमीन सरकारनेही जवळपास फुकटच घेतली आहे, हे काकांना सांगायचं राहून गेलं.

ट्वेंटीनाइन पाम्स गावातल्या ओअॅसिस ऑफ मारावर सेरानो आणि चेमेवेवी कुटुंबं राहत होती. आज तिथे छान फरसबंद पायवाट आहे. शेवटची कुटुंबं 1913 पर्यंत तिथून गेली.

मग सरकारने एवढी जमीन स्वतःकडे ठेवली का? खरं तर ठेवायची नव्हतीच, वाटूनच टाकायची होती. 1862 च्या होमस्टेड कायद्यात 160 एकर मिळायचे. पाच वर्षं राहा, कसा, मालक व्हा. या एका कायद्याखाली देशभरात 27 कोटी एकर वाटले गेले. पण 160 एकर आयोवात म्हणजे सोनं, आणि इथे? इथे 160 एकरांत एक म्हैस जगणार नाही. वाळवंटासाठी 1877 मध्ये वेगळा कायदा केला, 640 एकर देऊ, पण तीन वर्षांत पाणी आणा. पाणी कुठून आणणार? म्हणजे आज ज्याला आपण कौतुकाने सार्वजनिक जमीन म्हणतो ती मुळात उरलीसुरली जमीन आहे. कुणी नको म्हटली म्हणून सगळ्यांची झाली.

1934 मध्ये टेलर ग्रेझिंग कायदा आला आणि या उरलेल्या जमिनीवर चराईची शिस्त लागली. ज्या ढोरांच्या मालकांनी वर्षानुवर्षं फुकट चारलं होतं त्यांना परवाने आणि फी आली. 1946 मध्ये चराईचं खातं आणि जमीन वाटपाचं जुनं खातं एकत्र करून बीएलएम निघालं. गुरं आणि खाणी यांचीच सोय बघणारं खातं म्हणून लोक त्याला चेष्टेने ब्युरो ऑफ लाइव्हस्टॉक अँड मायनिंग म्हणत. मला या सगळ्यासाठी मराठीत जवळचा शब्द सापडतो तो गायरान. मालकी सरकारची, वहिवाट गावाची, आणि डोळा सगळ्यांचा.

वाटप मात्र तरीही थांबलं नव्हतं. 1938 च्या स्मॉल ट्रॅक्ट कायद्याखाली पाच-पाच एकरांचे तुकडे मिळू लागले. एक छोटी खोली बांधून दाखवली की जमीन नावावर. पार्कच्या उत्तरेला वंडर व्हॅलीतून गाडीने जाताना ज्या पडक्या, दारं-खिडक्या गेलेल्या खोल्या दिसतात आणि ज्यांचे फोटो आपण सगळेच काढतो, त्या याच. लोक त्यांना जॅकरॅबिट होमस्टेड म्हणत. युद्धानंतर लॉस एंजेलिसच्या कामगार-कारकुनांनी हौसेने घेतल्या, शनिवार-रविवार येऊन विटा रचल्या, आणि विहीर लागेना तेव्हा सोडून दिल्या.

आणि हा पार्क? त्याच्यामागे पॅसडिनाच्या मिनर्वा हॉइट बाई. श्रीमंत घरच्या, बागकामाच्या शौकीन. मुलगा गेला, नवरा गेला, आणि बाई वाळवंटात रमल्या. त्या काळी लॉस एंजेलिसचे लोक बंगल्यांच्या बागेसाठी ट्रक भरभरून निवडुंग उपटून नेत. हॉइटबाईंनी वाळवंटातल्या झाडांची प्रदर्शनं न्यूयॉर्क आणि लंडनपर्यंत नेली, 1930 मध्ये संस्था काढली, वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवल्या. 10 ऑगस्ट 1936 ला रूझवेल्टनी सव्वाआठ लाख एकरांचं राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण 1950 मध्ये खाणवाल्यांच्या दबावाखाली त्यातले सुमारे 2 लाख 65 हजार एकर काढून घेतले. पूर्वेकडच्या ईगल माउंटनमध्ये कायझरची लोखंडाची खाण होती. फोंटानाच्या पोलाद कारखान्यात जायचं ते लोखंड हेच. आपल्यातले कितीतरी जण आज फोंटानात, रँचोत राहतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला खाण बंद पडली, कामगारांचं अख्खं गाव ओस पडलं, आणि मग कल्पना निघाली की एवढा मोठा खड्डा आहेच, तर लॉस एंजेलिसचा कचरा रेल्वेने आणून त्यात टाकू. तीन बाजूंनी नॅशनल पार्क आणि मध्ये कचरा! डेझर्ट सेंटरजवळ जोजोबाची शेती करणारं एक जोडपं या योजनेविरुद्ध कोर्टात वर्षानुवर्षं लढलं. 2013 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कचरा खात्याने नाद सोडला. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आदर त्या दोघांविषयी वाटतो, हॉइटबाईंपेक्षाही. बाईंकडे पैसा होता, ओळखी होत्या.

नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला तो 31 ऑक्टोबर 1994 ला, कॅलिफोर्निया डेझर्ट प्रोटेक्शन कायद्याने, आणि काढलेल्या जमिनीतली बरीचशी तेव्हा परत आली.

आता आमच्या तंबूच्या जागेविषयी. कॉटनवूड स्प्रिंग रोडच्या तोंडाशी एक पाटी आहे. आम्ही पहिल्या दिवशी अंधारात पोचलो म्हणून ती दिसली नव्हती. सकाळी चहा करायला उठले तर जमिनीवर इकडेतिकडे दगडांच्या ओळी दिसल्या. मला वाटलं, आधीच्या कॅम्पवाल्यांनी पोरखेळ केलाय. मग चालत जाऊन पाटी वाचली. इथे कॅम्प यंग होता. 1942 मध्ये जनरल पॅटननी उत्तर आफ्रिकेच्या लढाईसाठी रणगाड्यांचं प्रशिक्षण इथे सुरू केलं, आणि कॅम्प यंग त्याचं मुख्यालय. कॅलिफोर्निया, अॅरिझोना मिळून सुमारे 18 हजार चौरस मैलांचा तो सराव प्रदेश होता. 1944 मध्ये बंद होईपर्यंत 10 लाखांच्या आसपास सैनिक त्यातून गेले. तंबूंच्या वाटा दगडांनी आखायची त्यांची पद्धत होती, आणि त्या काळच्या तळांवर अशा ओळी अजून दिसतात. आमच्या तंबूजवळच्या ओळी त्यांच्याच की पोरखेळ, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण नवऱ्याने त्यातला एक दगड तंबूचा दोर दाबायला घेतला होता, तो मी गुपचूप जागेवर नेऊन ठेवला.

त्या दिवशी शेजारच्या व्हॅनमधल्या आजींशी गप्पा झाल्या. सत्तरी पार केलेली बाई, एकटी, कुत्रं सोबत. सहज विचारलं, सुट्टीवर का? म्हणाल्या, नाही, हेच घर. घरभाडं परवडेना म्हणून चार वर्षांपूर्वी व्हॅन घेतली. 13 वा दिवस होता त्यांचा. परवा निघायचं, अॅरिझोनाकडे. तिथे क्वार्टझ्साइटजवळ बीएलएमनेच 1983 पासून हिवाळाभर मुक्कामाच्या जागा ठेवल्या आहेत, मोसमाचे पैसे भरून राहता येतं. 'नोमॅडलँड' सिनेमा पाहिलेल्यांना हे गाव आठवेल.

14 दिवसांचा नियम मला तोपर्यंत कचऱ्यासाठी, झाडांसाठी वाटायचा. आजी बोलत असताना डोक्यात आलं, की हा होमस्टेडच्या बरोबर उलटा नियम आहे. 1862 मध्ये सरकार म्हणायचं, राहा म्हणजे तुझी होईल. आता म्हणतं, ये, झोप, पण राहू नकोस. या उलट्या वळणाचा कायदा 1976 चा, फेडरल लँड पॉलिसी कायदा. त्याने होमस्टेड बहुतेक सगळीकडे संपवलं, स्मॉल ट्रॅक्ट रद्द केला आणि ठरवलं की उरलेली जमीन साधारणपणे देशाच्याच मालकीची राहील. तीनच वर्षांत, 1979 मध्ये, नेवाडाच्या विधिमंडळाने कायदा करून बीएलएमच्या जमिनीवर राज्याचा हक्क सांगितला. सेजब्रश बंड म्हणतात त्याला. रेगन निवडणुकीत उघडपणे त्या बंडाच्या बाजूने बोलले होते.

ते बंड अजून विझलेलं नाही. जून 2025 मध्ये युटाचे सेनेटर माइक ली यांनी मोठ्या बजेट विधेयकात कलम घातलं की बीएलएम आणि वनखात्याची वीसेक लाख ते तीसेक लाख एकर जमीन विकायलाच हवी, घरांसाठी. विरोध कुणी केला? पर्यावरणवाले तर होतेच, पण शिकारी, मासे पकडणारे, आणि मोंटाना-आयडाहोचे त्यांच्याच पक्षाचे सेनेटर. मग नुसती बीएलएमची, वस्तीपासून पाच मैलांच्या आतली जमीन, असं कलम आखडलं. 28 जूनला त्यांनी ते मागे घेतलं. पाच मैलांच्या आतली म्हणजे कोणती, याचा विचार करा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आपल्याला गाठता येते तीच.

घरं हवीत हे मला मान्य आहे. आजींना तर हवंच होतं. पण जिथे कायझरला विहिरी, रेल्वे, गाव सगळं उभारावं लागलं आणि तरी ते ओस पडलं, तिथे जमीन विकून स्वस्त घरं कशी होणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या बाजूने, जानेवारी 2025 मध्ये बायडन यांनी पार्कच्या दक्षिणेला सव्वासहा लाख एकरांच्या आसपास चकवाला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. ते बीएलएमकडेच राहिलं. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत कावीया, चेमेवेवी, सेरानो, क्वेचान, मोहावी जमाती होत्या. ज्यांचा करार कपाटात गेला होता, त्यांचीच नातवंडं-पणतवंडं. पाचच महिन्यांत न्याय खात्याने मत दिलं की राष्ट्राध्यक्षाला आधीचं स्मारक रद्दही करता येतं, आणि ज्या दोन स्मारकांवरून तो प्रश्न आला त्यातलं एक हेच.

आणि सूर्य आहे तिथे सौरऊर्जा आहेच. डेझर्ट सेंटरजवळ 550 मेगावॅटचा डेझर्ट सनलाइट प्रकल्प बीएलएमच्याच जमिनीवर उभा आहे. आपल्याकडेही हल्ली गायरानावर सोलर चाललंय, गावाकडून फोन आला की तोच विषय. मी सोलरच्या विरोधात नाही. पण "पडीक" हा शब्द ऐकला की मला आता आधी विचारावंसं वाटतं, कुणाच्या हिशेबाने पडीक?

तर काका, पोलीस उठवत नाहीत, 14 दिवसांच्या आत तर नाहीच. या डिसेंबरात आम्ही परत जातोय, नाताळच्या आधीच्या शनिवारी. माणशी दिवसाला चार लिटर पाणी घ्या, खुंट्या लांब घ्या कारण दुपारनंतर वारं सुटतं, वाळूत मऊ दिसेल तिथे गाडी घालू नका, आणि सगळ्या कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या. जोशुआची झाडं त्या बाजूला नाहीत, ती उंचावर, पार्कच्या उत्तरेकडे. आधीच सांगते, नाहीतर तिथे पोचल्यावर मला बोल लावाल.