स्थिर चित्रांचा चलच्चित्रपट

चित्रपट हलतो, हा वास्तविक डोळ्यांचा भ्रम आहे. पडद्यावर दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे येऊन जातात. त्यांच्यामधील फट मात्र डोळ्यांना जाणवत नाही. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ साली 'ला जते' हा अवघ्या २८ मिनिटांचा चित्रपट केला, तेव्हा ती फट त्याने मुद्दाम उघडी ठेवली. जवळजवळ सारा चित्रपट कृष्णधवल छायाचित्रांचा आहे. जोडीला निवेदकाचा स्वर, संगीत आणि थोडी कुजबुज.

अणुयुद्धाच्या भीतीने तेव्हा युरोपचे मन व्यापले होते, आणि कथाही त्या भीतीचीच आहे. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झाले असून उरलेली माणसे शायोच्या भुयारांत राहत आहेत. तेथील संशोधक एका कैद्याला भूतकाळात पाठवितात. निवड त्याचीच का? लहानपणी ओर्ली विमानतळाच्या सज्जावर त्याने एका स्त्रीचा चेहरा पाहिला होता, आणि लगेच एका पुरुषाचा मृत्यू. तो चेहरा त्याने छायाचित्रासारखा उरी जपला आहे.

ती त्याला भेटते. दोघे बागेत हिंडतात. सिकोया वृक्षाच्या आडव्या छेदावर इतिहासातील सने मांडलेली असतात; तो खोडाबाहेरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून सांगतो, आपण तेथून आलो. (हिचकॉकच्या १९५८ मधील 'व्हर्टिगो'ला केलेला हा मुजरा.) पुढे ती दोघे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात रमतात. ते प्राणीही कधी म्हातारे होत नाहीत, कारण ते जिवंतच नाहीत. छायाचित्राची गत याहून निराळी ती कोणती?

मग ती निजलेली दिसते. एक छायाचित्र दुसऱ्यात विरघळत जाते, पाखरांचा कलकलाट वाढतो, आणि ती डोळे उघडते, खरोखरच उघडते. साऱ्या चित्रपटात हलणारे दृश्य एवढेच, काही क्षणांचे. याला निव्वळ करामत म्हणणे अन्यायाचे होईल. स्थिर चित्रातील स्त्रीला जरा नाही. पापणी हलली की ती काळाच्या स्वाधीन होते, आणि तेव्हाच प्रेमास पात्रही होते.

भविष्यकाळातील माणसे त्याला आपल्या निर्धोक जगात आश्रय देऊ करतात. तो मागतो ओर्लीचा सज्जा आणि ती स्त्री. तिच्याकडे धावत असता भुयारातून मागावर आलेला पहारेकरी त्याला टिपतो. लहानपणी पाहिलेला मृत्यू त्याचा स्वतःचाच होता. कोसळणारा तो देह मार्करने पुन्हा स्थिर छायाचित्रातच ठेवला आहे.