मेणाचा डाग आणि गिरणीतला कियर

सतरंजीवर मेणबत्ती सांडली की आपला हात प्रथम साबणाकडे जातो. डाग मात्र हटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी हाच उपाय बराच लागू पडला असता, कारण त्या वेळी युरोपातील साधी मेणबत्ती जनावरांच्या चरबीची असे. चरबी ही मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांची बनलेली असते व अल्कलीबरोबर उकळली की तिचा साबण होतो, हे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ च्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखवले. पुढे १८३० मध्ये रायखेनबाखने लाकडाच्या डांबरातून एक पांढरा मेणचट पदार्थ वेगळा केला. आम्ल असो वा अल्कली, त्याची कोणाशीच सलगी होईना. म्हणून ‘आसक्ती कमी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्याला पॅराफिन हे नाव मिळाले. आपली आजची मेणबत्ती बहुधा याच पदार्थाची असते.

हा फरक परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत फार महत्त्वाचा होता. मुंबईत कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापली; नंतर गिरण्यांची रांग परळ, लालबागपर्यंत पसरली. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देत. खळीत पिठूळ पदार्थांबरोबर सूत मऊ राहावे म्हणून चरबी घालीत. शिवाय कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. वजनाने तो जेमतेम अर्धा टक्का भरेल, पण तेवढ्यानेही कोरा मांजरपाट पाणी धरत नाही. रंग तरी कसा धरणार?

म्हणून ब्लीचिंग खात्यात कापड ‘कियर’ नावाच्या प्रचंड लोखंडी भांड्यात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासन्‌तास उकळत. चरबीचा साबण होई आणि उरलेले मेण त्या साबणाच्या फेसाळ पाण्यात सुटून जाई. डागच डाग काढायला मदत करी, असे म्हणा ना! खळीत पॅराफिन आले असेल तर मात्र हे गणित चुके. त्याचा साबण होत नाही. ते तंतूला चिकटून राहते आणि रंगलेल्या कापडावर फिके पट्टे उमटतात. असा माल बाजारात कोण घेणार? त्यामुळे रंगवायच्या कापडाच्या खळीत पॅराफिन नको, असे वस्त्ररसायनाचे जाणकार बजावत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सरकीतून नुकताच काढलेला कापूस आणि औषधाच्या दुकानातला कापूस पाण्यावर टाका. पहिला तरंगत राहील, दुसरा लगेच भिजून बुडेल.

मग सतरंजीचे काय? पॅराफिन रसायनांना दाद देत नसले तरी साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. आधी गार झालेले मेण खरवडून काढावे आणि मग कोमट इस्त्री व टीपकागद घ्यावा. कागद कोठे ठेवावा, याचे उत्तर थोर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने ‘थिअरी ऑफ हीट’ या १८७१ च्या पुस्तकात दिले आहे. तापमान वाढले की द्रवाचे पृष्ठताण कमी होते, त्यामुळे वितळलेला स्निग्ध पदार्थ उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे सरकतो. तेव्हा इस्त्री एका बाजूने व टीपकागद दुसऱ्या बाजूला हवा. आपण सहसा दोन्ही वरूनच ठेवतो! जाड गालिच्याला दुसरा इलाज नाही, तेथे कागद वारंवार बदलावा. आणि गालिचा कृत्रिम धाग्याचा असेल तर इस्त्री अगदी मंद हवी, नाहीतर मेणाबरोबर धागाही वितळेल. सतरंजी मात्र खुशाल उलटी करावी.