मुखपृष्ठावरचं नाव

१७८८ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला इंग्रजांची वसाहत वसली आणि तिथल्या आदिवासींवर लिहिणंही लगोलग सुरू झालं. वॉटकिन टेंच हा लष्करी अधिकारी बेनेलाँग या आदिवासीबद्दल त्याच्या नावानिशी, स्वभावानिशी लिहीत होता. पुढे जमिनी बळकावल्या गेल्या तसा आदिवासी माणूस पुस्तकांतून पुसट होत गेला. राष्ट्राची ओळख मेंढपाळ आणि लोकर कातरणाऱ्या गोऱ्या गड्यांवर बेतली गेली. १९०१च्या राज्यघटनेत तर लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये, असं कलमच होतं.

१९२९मध्ये कॅथरीन सुझाना प्रिचर्ड यांची ‘कूनार्डू’ कादंबरी पुस्तकरूपात आली. नायिका आदिवासी, तिचं नातं गोऱ्या मालकाशी; वाचकांनी गहजब केला. धाडस मोठंच होतं. तरी कूनार्डूचं मन सांगत होती ती गोरी लेखिकाच.

त्याच दशकात डेव्हिड उनाइपॉन हे न्गारिंजेरी गृहस्थ आपल्या लोकांच्या कथा लिहून काढत होते. प्रकाशकानं त्यांचं हस्तलिखित विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टरांना विकलं. १९३०मध्ये पुस्तक निघालं ते स्मिथ यांच्या नावानं. उनाइपॉन यांचा साधा उल्लेखही नाही. तेच लेखन त्यांच्या नावानं यायला २००१ साल उजाडलं. कथा सगळ्यांना हव्या होत्या, त्या लिहिणारा आदिवासी कुणालाच नको होता.

ही कोंडी फोडली ऊजरू नूनुकल यांनी. तेव्हा त्या कॅथ वॉकर या नावानं लिहीत. १९६४मध्ये आलेला त्यांचा संग्रह हा आदिवासी कवीचा पहिला छापील कवितासंग्रह. घटनाबदलाच्या चळवळीतही त्या राबल्या, आणि १९६७च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते कलम रद्द करायला कौल दिला.

मग किम स्कॉट यांची ‘बेनांग’ आली. वंशातला काळा रंग पिढ्यान्‌पिढ्या धुऊन काढण्याच्या गोऱ्या आजोबांच्या हट्टातून घडलेला नातू त्यांचेच कागद उपसतो आणि घराण्याचा इतिहास आपल्या बाजूनं लिहितो. या कादंबरीला २०००मध्ये मानाचा माइल्स फ्रँकलिन साहित्य पुरस्कार विभागून मिळाला. तो मिळवणारे स्कॉट पहिले आदिवासी लेखक. अलेक्सिस राइट यांनी तो २००७ आणि २०२४मध्ये पटकावला.

मात्र २०२३मध्ये आदिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला. साहित्यानं दिलेला मान मतपेटीत उतरला नाही. तरी एक बदल पक्का झाला आहे: या नकाराची नोंद आता आदिवासी लेखक स्वतः करतील, आणि त्यांची हस्तलिखितं परस्पर विकायची कुणाची प्राज्ञा नाही.