सातबाऱ्यावरचं जंगल
फ्लॅट बघायला गेलो की आपण पार्किंग विचारतो, पाणी विचारतो. सातबारा मात्र बँकेचा वकील बघेल म्हणून सोडून देतो. ठाणे-मुलुंडमधल्या हजारो लोकांनीही हेच केलं, आणि एक दिवस कळलं की आपली सोसायटी चक्क जंगलात आहे!

झालं असं. 1956-57 च्या सुमारास 1927 च्या वन कायद्याखाली जमीनमालकांच्या नावाने नोटिसा निघाल्या: तुमच्या जागेवर वनाचे निर्बंध का घालू नयेत? बऱ्याच ठिकाणी पुढे काहीच हललं नाही. मग 30 ऑगस्ट 1975 ला खासगी वनांचा कायदा लागू झाला आणि नोटीस 'निघालेली' जमीनही सरकारजमा झाली. कागदावर! तिकडे पालिका नकाशे मंजूर करतच होत्या. 2002 मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने याचिका केली, पुढे सातबाऱ्यावर वनाची नोंद चढली, फ्लॅटची खरेदी-विक्री अडली. 24 मार्च 2008 ला हायकोर्टानेही सरकारचीच बाजू उचलून धरली.

सुप्रीम कोर्टाने 30 जानेवारी 2014 ला गोदरेजच्या खटल्यात हे सगळं उलटवलं. नोटीस नुसती काढून भागत नाही, मालकाला बजावलेली हवी. आमच्या भाषेत, ड्राफ्टला कुणी फायनल समजू नये. घरं वाचली, बरंच झालं. पण येऊरच्या पायथ्याशी गेलो की वाटतं, 1957 मध्येच एखाद्या कारकुनाने त्या नोटिसा नीट बजावल्या असत्या तर?