ऑक्टरलोनीचा मनोरा आणि दिल्लीचा वेढा

कोलकात्याच्या मैदानात, एस्प्लनेडच्या बसगाड्यांच्या गर्दीवर, सुमारे ४८ मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे. १९६९पासून त्याचे नाव शहीद मिनार. १८२८ साली तो उभारला गेला तो मात्र कंपनी सरकारच्या फौजेतील मेजर जनरल सर डेव्हिड ऑक्टरलोनी याच्या स्मरणार्थ. बैठक इजिप्शियन धर्तीची, खांब सिरियन, माथ्यावरचा घुमट तुर्की. बॉस्टनमध्ये जन्मून दिल्लीत नबाबी थाटात राहिलेल्या माणसाला ही खिचडी शोभूनही दिसते.

ऑक्टरलोनीचे नाव नेपाळच्या युद्धाशी जोडले जाते. मराठी वाचकाने मात्र १८०४चा ऑक्टोबर पाहावा. यशवंतराव होळकरांनी मॉन्सनची दाणादाण उडवली, मथुरा घेतली आणि ८ तारखेला दिल्लीला वेढा घातला. शहराचा तट पडका, आतली शिबंदी थोडी, आणि रेसिडेंट होता हाच ऑक्टरलोनी. आत अंध बादशहा शाह आलम होता. महादजींनी ज्याला सांभाळले, तो वर्षापूर्वीच शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला होता. बादशहा हाती येता तर त्याच्या नावाने हिंदुस्थानभर फर्माने सुटली असती; त्या काळी हे बळ पलटणींपेक्षा कमी नव्हते. ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी आठवडाभर शहर राखले. लेकची फौज जवळ येताच १५ तारखेला वेढा उठला.

आपल्या इतिहासलेखनात मॉन्सनची पळापळ रंगते आणि हा आठवडा एका वाक्यात उरकतो. माझ्या मते उत्तरेतला मराठ्यांचा शेवटचा मोठा डाव इथेच हुकला. पुढचे डीग आणि फर्रुखाबाद हे त्याचेच पडसाद.

ज्याने दिल्ली राखली त्याला सरकारने काय दिले? १८२५मध्ये भरतपूरच्या गादीचा तंटा पेटला. ऑक्टरलोनीने फौज हलवली. गव्हर्नर जनरल ॲमहर्स्टने ती मागे फिरवायला लावली. अपमानित होऊन त्याने राजीनामा दिला आणि त्याच वर्षी जुलैत मेरठला तो वारला. सहा महिन्यांत, जानेवारी १८२६मध्ये, त्याच सरकारने भरतपूर तोफा लावून घेतले. मनोऱ्यासाठी वर्गणी जमली ती त्यानंतर.

१९३१मध्ये हिजलीच्या बंदिवानांवरील गोळीबाराच्या निषेधाची सभा या मनोऱ्याखालीच भरली; अध्यक्ष होते रवींद्रनाथ ठाकूर.

यशवंतराव त्याआधीच, १८११मध्ये, भानपुऱ्याला वारले होते. त्यांची छत्री तिथे आहे.