शाईची बाटली आणि एक शाळामास्तर

आमची लेक इथल्या जपानी शाळेत तिसरीत गेली आणि घरात एक नवीन पेटी आली. ब्रश, दगडाची दौत, काळं फेल्ट आणि काळ्या शाईची प्लॅस्टिकची बाटली. नाताळच्या सुट्टीचा गृहपाठ होता ‘काकिझोमे’, म्हणजे नववर्षाचं पहिलं ब्रशलेखन. हॉलभर वर्तमानपत्रं पसरून ती बसली. पुण्याहून आलेली आई शेजारी मदतीला. बाटली हुंगून तिने विचारलं, “अरे, यात घालतात तरी काय?”

मी कॉम्प्युटरवाला माणूस. सरळ उत्तर द्यायचं सोडून शोधत बसलो.

मूळ जपानी शाई म्हणजे ‘सुमी’ची कांडी. ‘निहोन शोकी’ या जुन्या इतिहासग्रंथात नोंद आहे की इ.स. ६१० मध्ये कोरियातून आलेल्या दोन्चो नावाच्या भिक्षूला कागद आणि शाई करण्याची विद्या अवगत होती. पुढे नारा हे शहर शाईचं माहेरघर झालं. तिथली ‘कोबाइएन’ ही पेढी १५७७ सालची, आजही चालू आहे. तेलाच्या दिव्याची काजळी, ‘निकावा’ नावाचा सरस आणि थोडा सुगंध एकत्र मळून कांड्या पाडायच्या. हे काम फक्त थंडीत चालतं, कारण उन्हाळ्यात सरस नासतो.

लिहिताना कांडी दगडावर थेंब थेंब पाण्यात उगाळायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. चांगली काळी शाई व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मग एकदाच भरपूर उगाळून बाटलीत का भरत नाहीत? मला आधी हाच प्रश्न पडला. अडचण पुन्हा त्या सरसाचीच! थंडीत तो जेलीसारखा गोठतो, उकाड्यात सडतो.

हे कोडं सोडवायला घेतलं एका प्राथमिक शिक्षकाने. गिफूच्या तागुची सेइजी यांना दिसायचं की हिवाळ्यात मुलांची बोटं गारठतात आणि तासाचा मोठा भाग उगाळण्यातच जातो. नोकरी सोडून ते तोक्योला गेले, रसायनविद्या शिकले आणि १८९८ मध्ये ‘काइमेइ’ नावाने तयार शाई विकायला काढली. नावाचा अर्थ साधारण ‘प्रबुद्ध’. मेइजी काळाला शोभणारा!

गंमत म्हणजे कांड्यावालेही पुढे याच वाटेने गेले. १९०२ पासून कांड्या करणाऱ्या नाराच्या ‘कुरेताके’ने १९५८ मध्ये ‘बोकुतेकी’ ही पातळ शाई आणली. महायुद्धानंतर प्राथमिक शाळेतून ब्रशलेखन काही वर्षं वगळलं होतं. १९७१ पासून ते तिसरीपासून पुन्हा सक्तीचं झालं. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात वर्गभर मुलांनी उगाळायचं कधी आणि लिहायचं कधी? जाणकार मंडळी बाटलीकडे बघून नाक मुरडतात. उगाळताना मन स्थिर होतं, म्हणतात. होत असेलही. पण माझ्या मते ही कला शाळेत टिकली त्यात बाटलीचा वाटा मोठा आहे.

आता आईचा प्रश्न. निकावा हा जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस, बहुधा गाईगुरांचा. हे सांगताच तिने हात मागे घेतला. “आमच्या आजोबांची शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची होती हो!” मी घाईघाईने लेबल वाचलं. शाळेच्या या स्वस्त बाटलीत सरस नव्हताच, कृत्रिम रेझिन होतं. म्हणजे पारंपरिक कांडी आमच्या देवघराजवळ चालली नसती, आणि जिला सगळे दुय्यम मानतात ती बाटली चालली!

आईने मग नातीकडून एक कागद मागून घेतला आणि ब्रशने ‘श्री’ काढला. दोघी रात्री उशिरापर्यंत लिहीत बसल्या. त्या नादात ब्रश धुवायचा राहिला. रेझिनची शाई वाळली की घट्टच बसते. सकाळी ब्रशची काठी झाली होती.