ट्यूना : उपमेतला आणि गळाला लागलेला

इस्किलसच्या ‘पर्शियन्स’ (इ. स. पू. ४७२) या शोकांतिकेत सालामिसच्या पराभवाची वार्ता आणणारा पर्शियन दूत सांगतो, की पाण्यात पडलेल्या सैनिकांना ग्रीकांनी मोडक्या वल्ह्यांनी ट्यूना माशांसारखे ठेचले. ही उपमा निव्वळ अलंकार नव्हे. जाळ्यात कोंडलेल्या ट्यूनाची कत्तल भूमध्य समुद्राकाठच्या प्रेक्षकांच्या परिचयाची होती. पुढे १८९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर चार्ल्स हॉल्डर यांनी ट्यूना क्लब स्थापन केला. माशाला झुंजीची संधी देणारी हलकी दोरी वापरावी, हा तिथला दंडक. त्याने पॅसिफिकमधला ब्लूफिन ट्यूना सन्मान्य प्रतिस्पर्धी ठरला. तरी प्रतिष्ठा लाभली ती मारण्याच्या रीतीला. इस्किलसची उपमा निदान मरणाऱ्यांच्या बाजूने उच्चारलेली आहे.